तडा, भेग आणि एफईए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत पहाटे लोकल खोळंबल्या की बातमी बहुतेक वेळा एकच असते, रुळाला तडा गेला. लोक वैतागतात, साहजिक आहे. पण मला त्या बातमीत दरवेळी एकच प्रश्न दिसतो: हाच रूळ मे महिन्यात तोच तडा पोटात घेऊन शेकडो गाड्या सोसत होता, मग आज का तुटला? याचं उत्तर फ्रॅक्चर मेकॅनिक्समध्ये, म्हणजे तड्यांच्या शास्त्रात, आहे आणि ते आकड्यात काढायचं हत्यार म्हणजे एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस: पार्टचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून कॉम्प्युटरवर केलेला ताणाचा हिशोब; त्या तुकड्यांचं जाळं म्हणजे मेश). मी पुण्यात बरीच वर्षं सीएईचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट तपासायचं, काम करतोय, नवीन आलेली मुलंमुली तड्याच्या मॉडेलबद्दल जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतोय.

तड्यासाठी एफईए कशाला? हाताने गणित होत नाही का?

होतं की. बऱ्याचदा होतं, आणि आधी तेच करायचं. मूळ सूत्र एका ओळीचं आहे: के = वाय × सिग्मा × √(पाय × ए). के म्हणजे तड्याच्या टोकाजवळच्या ताणाची तीव्रता, सिग्मा म्हणजे तड्यापासून लांब असलेला साधा स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा ताण), ए म्हणजे तड्याची लांबी, आणि वाय म्हणजे आकाराचा आकडा. हा के मटेरियलच्या टफनेसच्या (तडा रोखायच्या ताकदीच्या), म्हणजे के-वन-सीच्या, वर गेला की तडा धावतो. सपाट पट्टी, पाइप, गोल दांडा, भोकाच्या कडेचा तडा, अशांसाठी वायचे तक्ते हँडबुकात तयार मिळतात. अडतं कुठे, तर खऱ्या पार्टचा आकार तक्त्यात नसतो. रुळाचं बूड, साखर कारखान्यातल्या मिलच्या रोलरचा शाफ्ट जिथे प्रेस-फिट बसतो ती जागा, कास्टिंगमधला जाड-बारीक कोपरा, यांचा वाय कुणी छापून ठेवलेला नाही. तिथे एफईए लावायचं. आपण एवढं मोठं मॉडेल बनवतो ते बरेचदा या एका वायसाठी, हे लक्षात राहिलं की काम कुठे थांबवायचं तेही कळतं.

मेश बारीक केली की तड्याच्या टोकाचा स्ट्रेस वाढतच जातोय, थांबतच नाही. मॉडेल चुकलंय का?

मॉडेल चुकलं नाहीये, प्रश्न चुकलाय. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर सांगतो.

१९१३ मध्ये इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंबगोल भोकाचं गणित मांडलं. प्लेटला ताण दिला तर भोकाच्या टोकाला स्ट्रेस (१ + २ए/बी) पट होतो, ए म्हणजे अर्धी लांबी आणि बी म्हणजे अर्धी उंची. गोल भोकाला तिप्पट. लंबगोल दहास-एक असेल तर २१ पट. आता भोक चपटं करत जा, बी शून्याकडे गेला की तो तडाच झाला आणि स्ट्रेस अनंत. म्हणजे इलास्टिक (ताण काढला की मूळ आकारात येणाऱ्या) मटेरियलमध्ये धारदार तड्याच्या टोकाला स्ट्रेसला आकडाच नाही. १९५७ मध्ये विल्यम्सने दाखवलं की टोकापासूनचं अंतर आर धरलं तर स्ट्रेस १/√आर या हिशोबाने चढतो, म्हणून एलिमेंटचा साइज निम्मा केला की टोकाचा स्ट्रेस साधारण १.४ पट होणार, पुन्हा निम्मा केला पुन्हा १.४ पट, आणि हे कधीच संपणार नाही. तुमच्या रिझल्टमध्ये हा १.४ दिसला तर सॉफ्टवेअर इमानदारीत काम करतंय असं समजा.

पहिल्या वर्षी मी असाच एक रिपोर्ट नेला होता, तड्याच्या टोकाला १८५० मेगापास्कल, लाल रंग, खाली लिहिलेलं "यील्डपेक्षा जास्त, फेल" (यील्ड म्हणजे ज्या ताणाला मटेरियल कायमचं वाकायला लागतं तो). माझ्या सीनिअरने कागद न वाचताच सांगितलं, मेश अर्धी करून आण. आणली, २६०० आले. मग ते म्हणाले, आता सांग, कुठला आकडा लिहायचा? त्या दिवसानंतर मी तड्याच्या टोकाचा स्ट्रेस कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिलेला नाही, आणि तुम्हीही लिहू नका असं मनापासून सांगतो, कारण त्या आकड्यावर कुणीतरी पार्ट पास किंवा नापास करतो आणि तो आकडा मटेरियलचा नसतोच, तुमच्या मेशचा असतो.

मग बघायचं काय?

ऊर्जा. ग्रिफिथ हा इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करायचा, त्याने १९२०-२१ मध्ये काचेवर प्रयोग करून विचार उलटा फिरवला. टोकाला किती ताण आहे हे विचारूच नका, तडा जरासा पुढे गेला तर साठलेली ऊर्जा किती सुटते आणि नवीन पृष्ठभाग तयार करायला किती लागते एवढंच तोला. सुटणारी जास्त झाली की तडा पळाला. काचेचे धागे जितके बारीक ओढले तितके मजबूत निघाले, कारण बारीक धाग्यात मोठी भेग मावतच नाही, हेही त्यानेच दाखवलं.

पुढे अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या अर्विनने हे इंजिनिअरच्या हातात येईल असं केलं. १९५७ मध्ये त्याने टोकाजवळच्या सगळ्या स्ट्रेस-फील्डची तीव्रता एका आकड्यात बांधली, तोच के, आणि ऊर्जेशी त्याचं नातं सांगितलं: जी = के²/ई, जी म्हणजे तडा वाढताना सुटणारी ऊर्जा आणि ई म्हणजे मटेरियलचा ताठपणा. (प्लेन स्ट्रेन असेल, म्हणजे जाडीच्या दिशेने मटेरियलला आखडायला वाव नसेल, तर ई च्या जागी ई/(१ − न्यू²), न्यू म्हणजे पॉइसन रेशो.) १९६८ मध्ये राइसने जे-इंटिग्रल दिलं, टोकाभोवती एक वाट धरून केलेली बेरीज, वाट कुठलीही घ्या उत्तर तेच येतं. एफईएसाठी हे वरदान ठरलं, कारण टोकाच्या आतला गोंधळ टाळून जरा लांबून, जिथे मेश चांगली वागते, तिथून उत्तर काढता येतं. स्ट्रेस मेशवर नाचतो, जे-इंटिग्रल नाचत नाही. म्हणून जे-इंटिग्रल काढा (इलास्टिकमध्ये ते जी एवढंच असतं), त्यावरून के काढा आणि तो के टफनेसशी ताडून बघा.

माझं मॉडेल बरोबर आहे हे कसं ओळखू? एखादं सोपं उदाहरण द्या ना.

हे घ्या, आज रात्री करून बघा. पट्टी १०० मिमी रुंद, उंची निदान ३०० मिमी, एका कडेला मधोमध १० मिमीचा तडा, दोन्ही टोकांना १०० मेगापास्कलचा सारखा ताण, स्टील, ई = २,१०,०००, न्यू = ०.३. एका कडेच्या तड्यासाठी ए/डब्ल्यू (तड्याची लांबी भागिले पट्टीची रुंदी) = ०.१ ला वाय साधारण १.१८ येतो. के = १.१८ × १०० × √(पाय × ०.०१), म्हणजे २१ मेगापास्कल-रूट-मीटरच्या आसपास. जे-इंटिग्रल प्लेन स्ट्रेनमध्ये १.९ न्यूटन प्रति मिमी, प्लेन स्ट्रेसमध्ये (जाडीच्या दिशेने मोकळं असताना) २.१.

तुमचं उत्तर याच्या एक-दोन टक्क्यांत यायला हवं. नाही आलं तर खऱ्या पार्टला हात लावू नका, आधी हे सोडवा. बहुतेक वेळा चूक बाउंड्री कंडिशनमध्ये (पार्ट कुठे धरला, कसा ओढला त्या अटींमध्ये) असते: वर ताण द्यायच्या ऐवजी वरची कड सरळ ठेवून सरकवलेली असते, म्हणजे पट्टीला वळायला बंदी केली, मग के कमी येतो आणि माणूस मेश बारीक करत बसतो. सिमेट्री वापरून अर्धीच पट्टी केली असेल तर जे-इंटिग्रल दुप्पट करायचं की नाही हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, काही ठिकाणी "सिमेट्री" असा वेगळा टिक असतो आणि तो राहून गेला तर उत्तर बरोबर निम्मं येतं. निम्मं किंवा दुप्पट असा स्वच्छ फरक दिसला की हाच टिक आधी तपासा.

माझा के ६६० आलाय! एवढा कसा?

मिमीत काम करताय. मेगापास्कल-रूट-मिलिमीटर आणि मेगापास्कल-रूट-मीटर यात ३१.६ पटीचा फरक असतो (√१०००). ६६३ ला ३१.६ ने भागा, २१ येतील. टफनेसचे तक्ते बहुतेक रूट-मीटरमध्ये असतात, त्यामुळे ही चूक फार महाग पडू शकते, माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालेली आहे.

क्वार्टर पॉइंट एलिमेंट म्हणजे काय, आणि लागतातच का?

साध्या एलिमेंटला १/√आर माहीतच नसतो, तो आतून सरळ रेषा किंवा पॅराबोला काढतो. १९७५-७६ च्या सुमारास हेन्शेल-शॉ आणि बार्सूम यांनी दाखवलं की सेकंड ऑर्डर एलिमेंटच्या कडेवरचा मधला नोड (जोडबिंदू) अर्ध्यावरून उचलून टोकापासून पाव अंतरावर ठेवला तर त्याच्या आत आपोआप १/√आर तयार होतो. नोड फक्त सरकवायचा, नवीन काही लिहायचं नाही, इतकं साधं आणि इतकं सुंदर की मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

टोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल मेश करा, पहिल्या रिंगची त्रिज्या तड्याच्या लांबीच्या आठव्या भागाहून लहान ठेवा (मी विसाव्या भागापर्यंत जातो), आणि गोलात दर ३० अंशांना तरी एक एलिमेंट येऊ द्या. फक्त जे-इंटिग्रल पाहिजे असेल तर क्वार्टर पॉइंट नसतानाही बऱ्यापैकी मेशवर उत्तर चांगलं येतं. पण डिस्प्लेसमेंटवरून के काढणार असाल तर लागतातच.

जे-इंटिग्रलच्या पाच कंटूरला पाच वेगळी उत्तरं आली, कुठलं घेऊ?

पहिला कंटूर (टोकाभोवतीची वाट) सोडून द्या, तो टोकाला चिकटलेला असतो. तिसऱ्यापासून पुढचे एक-दोन टक्क्यांत जुळले तर तो आकडा घ्या. पुढे जाऊनही वाढत किंवा घटत राहिले तर काहीतरी हिशोबात घ्यायचं राहिलंय. एकतर तड्याच्या आतल्या भिंतींवर प्रेशर आहे, किंवा तापमान सगळीकडे सारखं नाही, किंवा रेसिड्युअल स्ट्रेस (पार्ट बनवतानाच आत राहिलेला ताण) टाकलाय आणि सॉफ्टवेअरला सांगितलं नाही, किंवा कंटूर दुसऱ्या मटेरियलमध्ये शिरलाय. आणि एक: तडा दाबला जात असेल तर दोन्ही भिंतींमध्ये कॉन्टॅक्ट द्या, नाहीतर त्या एकमेकींत घुसतात आणि के निगेटिव्ह येतो. मोड वनचा, म्हणजे तडा सरळ उघडण्याचा, निगेटिव्ह के याला काही अर्थ नाही, तडा बंद आहे एवढाच त्याचा निरोप.

प्लास्टिसिटी घ्यायची की नाही?

आधी प्लास्टिक झोन, म्हणजे टोकाजवळचा कायमचा ताणला गेलेला भाग, किती मोठा ते काढा. अर्विनच्या हिशोबाने प्लेन स्ट्रेसमध्ये त्याची त्रिज्या (१/(२ × पाय)) × (के/यील्ड)², प्लेन स्ट्रेनमध्ये त्याचा तिसरा हिस्सा. वरच्या पट्टीत यील्ड ३५० धरला तर जेमतेम ०.६ मिमी, तडा १० मिमीचा, म्हणजे इलास्टिक हिशोब चालतो. झोन तड्याच्या लांबीच्या किंवा उरलेल्या लिगामेंटच्या (तड्यापुढच्या न तुटलेल्या भागाच्या) तुलनेत डोळ्यात भरण्याइतका झाला की इलास्टिक के सोडा, इलास्टिक-प्लास्टिक जे-इंटिग्रल काढा. फक्त मध्ये अनलोडिंग झालं तर जे-इंटिग्रल डोळे झाकून वापरू नका, राइसचं गणित नॉनलिनिअर इलास्टिक मटेरियलवर उभं आहे.

टूडी करू की थ्रीडी? प्लेन स्ट्रेस की प्लेन स्ट्रेन?

तडा जाडीच्या आरपार असेल आणि आकार सगळीकडे सारखा असेल तर टूडी बास. जाड पार्टच्या पोटात प्लेन स्ट्रेन, पातळ पत्र्यात प्लेन स्ट्रेस. पृष्ठभागावरचा अर्धगोल तडा, कोपऱ्यातला तडा, शाफ्टवरचा तडा, हे सगळे थ्रीडीच, तिथे के तड्याच्या कडेने बदलत जातो आणि मोठा कुठे आहे तिकडे तडा आधी सरकतो.

तडा वाढताना दाखवायचाय. एक्सएफईएम, कोहेसिव्ह, फेज-फील्ड, व्हीसीसीटी, यातलं कुठलं?

आधी हे विचारा की वाट माहीत आहे का.

वाट माहीत आहे, म्हणजे चिकटवलेला जॉइंट, कंपोझिटचे थर, वेल्डचा इंटरफेस, तर व्हीसीसीटी (तडा परत मिटवायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशोब; रिबिकी आणि कॅनिनेन, १९७७) किंवा कोहेसिव्ह एलिमेंट (उघडताना विरोध करणारा चिकट थर). व्हीसीसीटीला आधीपासून तडा लागतो. कोहेसिव्हमध्ये तडा नसला तरी सुरू होऊ शकतो, कारण त्यात ताकद आणि ऊर्जा दोन्ही असतात. कोहेसिव्हची कल्पना बॅरेनब्लाट आणि डग्डेल यांच्याकडून १९६० च्या आसपास आली, आणि १९७६ मध्ये स्वीडनच्या हिलरबोर्गने ती काँक्रीटसाठी एफईएत बसवली. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक मेशची. टोकापुढच्या कोहेसिव्ह झोनमध्ये निदान तीन एलिमेंट बसायला हवेत, आणि त्या झोनची लांबी ई × जीसी / ताकद² या दर्जाची असते (जीसी म्हणजे तडा वाढायला लागणारी ऊर्जा). काँक्रीटला ई ३०,०००, जीसी ०.१ आणि ताकद ३ धरली तर ३३० मिमीच्या पुढे, म्हणजे मोठी मेशही चालते. कार्बन कंपोझिटच्या थरांमध्ये ई १०,०००, जीसी ०.३, ताकद ६० धरली तर ०.८ मिमी, म्हणजे पाव मिमीचे एलिमेंट लागतात. दोन मिमीची मेश टाकून "कन्व्हर्ज होत नाही" म्हणून फोन येतात, तेव्हा मी आधी हाच हिशोब करायला सांगतो.

वाट माहीत नाही पण तडा एकच आहे, तर एक्सएफईएम (एक्स्टेंडेड फायनाइट एलिमेंट मेथड). १९९९ मध्ये बेलिट्स्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणलं. तडा मेशच्या रेषांवरूनच जायला हवा ही अट त्यात नाही, एलिमेंटच्या मधून कापत जातो. पण नीट वाचा: कमर्शिअल सॉफ्टवेअरमध्ये वाढत्या तड्याला बऱ्याचदा टोकाची १/√आर वाली भर नसते, आणि तडा एका वेळी अख्खा एलिमेंट ओलांडतो, म्हणून मेश इथेही बारीकच लागते. एक्सएफईएम म्हणजे मेशपासून सुटका, असं जे सांगतात त्यांनी ते बहुतेक वापरलेलं नसतं.

तडे फुटतात, जुळतात, फाटे फोडतात, तर फेज-फील्ड. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये ग्रिफिथचीच ऊर्जेची गोष्ट मिनिमायझेशन म्हणून मांडली, मग तडा धारदार रेषेऐवजी पातळ धुरकट पट्टा म्हणून सोडवायची पद्धत आली. चित्रं अप्रतिम येतात. पण पट्ट्याच्या रुंदीचा आकडा तुम्ही निवडता, त्यावर मटेरियलची ताकद अवलंबून असते, आणि एलिमेंट त्या रुंदीच्या निम्म्याहून लहान हवेत, त्यामुळे मोठ्या थ्रीडी पार्टला मशीन रात्रभर, कधी आठवडाभर अडकतं. रोजच्या डिझाइनला मी अजून वापरत नाही, तडा असा का वळला हे शोधायला वापरतो.

स्ट्रेन अमुक झाला की एलिमेंट डिलीट, असं केलं तर चालेल का? सोपं पडतं.

नाही, निदान तसंच्या तसं नाही. एलिमेंट लहान केला की तुटायला लागणारी ऊर्जाही लहान होते, शून्याकडे जाते, म्हणजे मेश जितकी बारीक तितका पार्ट ठिसूळ. बाझांत आणि ओ यांनी १९८३ मध्ये क्रॅक-बँडची पद्धत दिली ती यासाठीच, सॉफ्टनिंगचा (तुटताना ताण घटण्याचा) उतार एलिमेंटच्या साइजनुसार बदलायचा म्हणजे जीसी कायम राहतो. क्रॅश किंवा इम्पॅक्टच्या मॉडेलमध्ये डिलीट करायचंच असेल तर हे करून मग करा.

फटीगचं आयुष्य कसं काढायचं?

फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने तडा वाढत जाणं. त्याचं आयुष्य काढायचं पॅरिस नावाच्या संशोधकाच्या नियमाने, १९६० च्या दशकातला आहे. तडा एका सायकलमध्ये किती वाढतो तो वेग = सी × (डेल्टा के)^एम, डेल्टा के म्हणजे एका सायकलमधला के चा चढउतार, सी आणि एम मटेरियलचे आकडे. एम स्टीलला साधारण ३. एफईएतून वेगवेगळ्या लांबीला के काढायचा, कर्व्ह बसवायचा, आणि सुरुवातीच्या लांबीपासून क्रिटिकल लांबीपर्यंत बेरीज करायची. तडा सुरुवातीला इतका हळू वाढतो की आयुष्याचा बहुतेक भाग तो अगदी लहान असतानाच जातो, म्हणून सुरुवातीची लांबी १ मिमी धरली की २ मिमी यावर उत्तर किती बदलतं ते आवर्जून करून बघा.

आणि एम ३ असल्यामुळे छोटी चूक मोठी होते. के मध्ये १० टक्के चूक झाली तर वेगात ३३ टक्के, २५ टक्के झाली तर वेग जवळपास दुप्पट, आयुष्य निम्मं. म्हणून वरच्या पट्टीच्या उदाहरणात मी एक-दोन टक्क्यांसाठी हट्ट धरला. क्रिटिकल लांबीचंही तसंच: टफनेस ५०, ताण २०० मेगापास्कल, वाय १.१२, तर १६ मिमीचा कडेचा तडा चालतो. ताण दुप्पट केला तर ८ नाही, ४ मिमीच.

फटीगला हलकं घेतल्याचा इतिहास वाईट आहे. १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट प्रवासी जेट विमानं हवेत फुटली. मग फार्नबरोला तिसरं अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून प्रेशर वरखाली करत राहिले, आधीची खरी उड्डाणं धरून ३०५७ फेऱ्यांना केबिन फाटली. तेव्हा के नव्हता, पॅरिसचा नियम नव्हता आणि आपल्यासारखं एफईएही नव्हतं, क्लफने "फायनाइट एलिमेंट" हे नाव छापलं तेच १९६० मध्ये.

रुळाचं मॉडेल कसं करायचं? थंडीतच का तुटतो?

आता माझ्या आवडीचा प्रश्न. लांब वेल्ड केलेला रूळ स्लीपरला घट्ट धरलेला असतो, त्यामुळे थंडीत आखडायला जागाच नसते, त्याचा सगळा ताण आतच राहतो. हिशोब ई × अल्फा (तापमानाने प्रसरण पावण्याचा आकडा) × तापमानातला फरक, स्टीलला दर अंशाला २.४ मेगापास्कल. रूळ समजा ४० अंशांच्या स्ट्रेस-फ्री तापमानाला बसवला आणि पहाटे १५ अंश झाले, तर २५ × २.४ = ६० मेगापास्कल ओढ, अख्ख्या सेक्शनवर, गाडी यायच्या आधीच.

एकट्या ६० ने काही होत नाही. बुडाला १० मिमीचा अर्धगोल तडा आहे असं धरा, वाय ०.७१, तर थंडीचा के फक्त ७.५. पण कारखान्यात रूळ रोलरमधून सरळ करताना बुडात ओढीचा रेसिड्युअल स्ट्रेस राहतो, उदाहरणापुरता तो १५० धरू, आणि चाकाखाली रूळ वाकतो तेव्हा बुडाला आणखी ८० धरू. थंडीशिवाय २३० चा के २९. थंडी मिळून २९० चा के ३६ च्या वर. रुळाच्या पर्लिटिक स्टीलची टफनेस साधारण ३० ते ४०, आणि थंडीत ती वाढत नाही, जराशी घटतेच. एरवी निभावून जाणारा रूळ जानेवारीच्या पहाटे पहिल्या-दुसऱ्या गाडीखाली का तुटतो ते या दोन आकड्यांच्या मधे आहे. उन्हाळ्यात तर उलट, तापमानाचा ताण दाबाचा होतो आणि तड्यावरची ओढ कमी होते. रेल्वे थंडीत रात्री ट्रॅकवर वेगळी गस्त घालते ती उगाच नाही. त्या अंधारात कंदील घेऊन किलोमीटर-किलोमीटर चालणाऱ्या ट्रॅकमनबद्दल मला फार आदर आहे.

मॉडेल करताना चार-पाच स्लीपरएवढा तुकडा घ्या, स्लीपर साधारण ६० सेंमीवर, खाली पॅडची स्प्रिंग. थंडी आधीच्या स्टेपमध्ये द्या, चाक नंतर: मालगाडीचा एक्सल २२.९ टनांचा धरला तर एका चाकाला ११२ किलोन्यूटनच्या आसपास. तडा असलेला छोटा भाग सबमॉडेल (वेगळं छोटं मॉडेल) करून बारीक मेश करा, अख्खा रूळ बारीक करू नका. रेसिड्युअल स्ट्रेस विसरू नका, तो विसरलात तर के निम्मा येतो आणि मॉडेल म्हणतं सगळं ठीक आहे. बुडाच्या तड्याला मोड वन पुरतो. रुळाच्या डोक्यातल्या तड्याला मात्र नाही, तिथे चाक वरून दाबतं, तडा बंद राहून सरकतो, मोड टू-थ्री (भिंती एकमेकींवरून सरकणं) आणि भिंतींमधलं घर्षण सगळं येतं, तो वेगळाच आणि कठीण विषय आहे.

टफनेसचा आकडा कुठून आणू?

टेस्ट करून, शक्य असेल तर. के-वन-सीसाठी एएसटीएम (टेस्टची मानकं काढणारी अमेरिकन संस्था) ई३९९, जे-इंटिग्रलसाठी ई१८२०, फटीगच्या वाढीसाठी ई६४७. ई३९९ ला सॅम्पल जाड लागतं, २.५ × (के/यील्ड)² एवढं, म्हणजे टफनेस ५० आणि यील्ड ३५० असेल तर ५१ मिमी. पातळ पत्र्यावर काढलेला मोठा आकडा जाड पार्टला लावू नका. तापमानही बघा: १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी हे नवं कोरं टँकर जहाज धक्क्यावर, शांत पाण्यात उभं असताना मोडलं. वेल्ड केलेला सांगाडा आणि थंडीत ठिसूळ होणारं स्टील. अंदाजासाठी टफनेस, मेगापास्कल-रूट-मीटरमध्ये: काच ०.७ ते ०.८, ७०७५ ॲल्युमिनियम २५ ते ३०.

फुकट सॉफ्टवेअर चालेल का?

चालेल. कॅल्क्युलिक्स, कोड-ॲस्टर (फ्रान्सच्या वीज कंपनीने बनवलंय, फ्रॅक्चरचं काम त्यात फार चांगलं आहे) आणि फेज-फील्ड स्वतः लिहायचं असेल तर फेनिक्स. अबॅकस-अँसिसमध्ये बटणं जास्त आहेत, गणित तेच.

गणित कच्चं आहे, जमेल का?

वर्गमूळ आणि थोडं कॅल्क्युलस येत असेल तर जमेल. पट्टीचं उदाहरण तीन वेगवेगळ्या मेशवर करा, तड्याची लांबी ५, १०, २० करून बघा, के कसा बदलतो ते वहीत हाताने काढा. आठवडाभर हे केलं की ट्यूटोरियल बघायची गरज बरीच कमी होते.

रिपोर्ट म्हणतो सेफ, पण पार्टवर तडा डोळ्यांना दिसतोय. मशीन चालू ठेवायची का?

तड्याची खरी लांबी अल्ट्रासॉनिकने मोजा, जे दिसतं ते वरचं असतं, आत किती गेलाय ते वेगळं. तीच लांबी अधिक मोजणीची चूक धरून मॉडेल पुन्हा चालवा, रेसिड्युअल स्ट्रेस घालून, सगळ्यात थंड दिवसाचं तापमान घालून. के टफनेसच्या निम्म्याच्याही वर आला तर मी स्वतः मशीन थांबवायला सांगतो. खाली आला तर किती सायकलनंतर पुन्हा तपासायचं तो आकडा काढून, त्याला निदान दोनने भागून, मेंटेनन्सवाल्यांच्या हातात लेखी द्या, आणि त्या तारखेला स्वतः जाऊन तडा बघा.